घरी बसून सायबर सुरक्षेचा सराव : व्हीपीएनचा बोगदा आणि आपला गल्ला



सातारा-सांगली भागातील बहुतेक दुकानांत आता वहीखात्याच्या शेजारी संगणक आला आहे. बिल त्यावर निघते, जीएसटीचे विवरण त्यावर भरले जाते, बँकेचा व्यवहारही त्यावरच होतो. सोय झाली, यात शंका नाही. परंतु ज्या तारेने पैसा येतो त्याच तारेने चोरही येऊ शकतो, हे आपण अजून पुरते ओळखलेले नाही.

ही गोष्ट दूरदेशीची समजू नका. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत घुसलेल्या चोरांनी एटीएमचे व्यवहार तपासणाऱ्या यंत्रणेच्या जागी एक खोटी यंत्रणा उभी केली. बनावट कार्ड आले, की ही खोटी यंत्रणा 'पैसे द्या' असे उत्तर देई. काही तासांत २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. त्यात आपल्या शेजारच्या कोल्हापुरातील एटीएमही होती. लगेच १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेत वळवण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटी रुपयांच्या वर गेली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. शिक्षा झाली ती प्रामुख्याने एटीएममधून पैसे काढणाऱ्या साखळीतील लोकांना.

कुलूप जितके मोठे, तितका ते तपासणारा कारागीर हुशार लागतो. असे कारागीर आज बँकांना, कारखान्यांना, रुग्णालयांना हवे आहेत. हा हुन्नर शिकण्यासाठी आता पुण्या-मुंबईला खोली घेऊन राहण्याची गरज उरलेली नाही. मिरज, कराड, विटा किंवा फलटण येथे घरी बसूनही परदेशातील सराव-लॅबशी जोडून घेता येते. ही जोडणी ज्या साधनाने होते त्याला व्हीपीएन म्हणतात. ती कशी करावी, त्यात काय चुकते आणि आपल्या दुकानाला त्यापासून काय सांभाळावे, हे या लेखात पाहू.

हे चोरीचे शिक्षण आहे काय?

समजा, मिरजेतील एक सतार कारागीर रात्री घोडीवर कानस मारीत जवारी काढत बसले आहेत. पदविकेच्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा जवळ येऊन बसतो.

"अब्बा, दुकानातला कॉम्प्युटर रात्री दोन तास वापरू का? एका लॅबला जोडायचंय."

"कुठे आहे लॅब?"

"परदेशात. इथूनच जोडता येतं."

"काय शिकवतात तिथं?"

"दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये कसं घुसायचं ते."

कानस थांबते. "बेटा, आपल्या वाडवडिलांनी तलवारीची धार सोडून सतार हाती घेतली. आता तू पुन्हा हत्यार धरणार?"

बापाचा हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला हसून उडवून लावणे बरोबर नाही. मिरजेच्या शिकलगार घराण्यांचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. शस्त्रांना धार लावणे हा त्यांचा मूळ धंदा. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्ये दुरुस्त करण्यास व पुढे घडवण्यास सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढा भागातील भोपळे मिरजेत येऊ लागले आणि मिरजेची सतार देशभर गेली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. काळ बदलला तेव्हा या घराण्यांनी हातातले कसब तेच ठेवले, त्याचा उपयोग मात्र बदलला. आजच्या मुलापुढेही तोच मार्ग आहे.

कुलूप कसे फुटते हे ज्याला कळत नाही, त्याला पक्के कुलूप करता येत नाही. फरक एवढाच, की चोर दुसऱ्याच्या दारावर हात टाकतो आणि कारागीर स्वतःच्या बाकावर, मालकाने दिलेल्या कुलपावर काम करतो. सराव-लॅब म्हणजे असा बाक होय. कोणताही उस्ताद नव्या शागिर्दाच्या हाती पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाची सतार देत नाही. आधी सरावाचा तुकडा देतो, तो बिघडला तर नुकसान होत नाही. लॅबमध्ये मुद्दाम कमकुवत ठेवलेले संगणक असतात. ते फोडण्यासाठीच उभे केलेले असतात. त्यांत कोणाचा पैसा नसतो, कोणाची खासगी माहिती नसते. आत शिरल्याची खूण म्हणून एक सांकेतिक ओळ ठेवलेली असते. ती ओळ शोधून संकेतस्थळावर भरली, की धडा पुरा झाला.

अशा लॅबपैकी दोन विशेष प्रसिद्ध आहेत. एक २०१७ साली सुरू झालेली 'हॅक द बॉक्स' आणि दुसरी २०१८ साली सुरू झालेली 'ट्रायहॅकमी'. दोन्हींत काही भाग विनामूल्य आहे. नवशिक्याने 'ट्रायहॅकमी'पासून सुरुवात करावी, कारण तेथे धडा आणि सराव हातात हात घालून चालतात. धडे इंग्रजीत आहेत. ते सोपे असले, तरी शब्दकोश जवळ ठेवून बसण्याची तयारी हवी.

व्हीपीएन म्हणजे काय?

लॅबमधील हे कमकुवत संगणक उघड्या इंटरनेटवर ठेवता येत नाहीत. ठेवले तर खरे चोर त्यांचा ताबा घेतील आणि तेथून इतरांवर हल्ले करतील. म्हणून ते बंद आवारात ठेवलेले असतात. आवारात जायचा रस्ता एकच, तो म्हणजे व्हीपीएन. या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ आभासी खासगी जाळे असा होतो.

पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीचा डोंगर आपण पाहतो. घाटातून जाणारे वाहन सर्वांना दिसते, पण बोगद्यात शिरलेल्या वाहनात काय चालले आहे ते डोंगरावर उभ्या माणसाला दिसत नाही. इंटरनेट हा डोंगर समजा आणि व्हीपीएन हा त्यातील बोगदा. तुमच्या संगणकाकडून निघालेली माहिती आधी कुलूपबंद, म्हणजे कूटबद्ध होते. मग ती नेहमीच्याच इंटरनेटवरून प्रवास करते आणि लॅबच्या दारात कुलूप उघडले जाते. वाटेत कोणी ती पकडली, तरी त्याला वाचता येत नाही.

मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. खंबाटकीचा जुना बोगदा वर्षानुवर्षे पुण्याकडे जाणाऱ्या वाहनांसाठी एकेरी वापरला गेला. व्हीपीएनचा बोगदा दुहेरी आहे. तुम्ही पलीकडे जाऊ शकता, तसे पलीकडचेही तुमच्याकडे येऊ शकते. या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. तिच्याकडे पुढे पुन्हा येऊ.

ही कल्पना जुनी आहे. मायक्रोसॉफ्टमधील भारतीय वंशाचे अभियंते गुरदीप सिंग पल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ च्या सुमारास अशा जोडणीची एक पद्धत तयार केली. ती पद्धत आता कमकुवत मानली जाते, म्हणून वापरू नये. लॅबसाठी प्रामुख्याने चालते ते 'ओपनव्हीपीएन'. त्याची कथा व्यापाऱ्यांना आवडेल अशी आहे. जेम्स योनान नावाचे संगणकतज्ज्ञ मध्य आशियात प्रवास करीत होते आणि प्रवासातूनच आपल्या कार्यालयाचे काम करीत होते. परक्या देशांतील ज्या इंटरनेट कंपन्यांच्या तारांवरून आपले काम जाते, त्यांच्यावर विश्वास कसा ठेवावा, ही चिंता त्यांना पडली. त्यातून त्यांनी २००१ मध्ये 'ओपनव्हीपीएन' तयार केले. ते आजही विनामूल्य मिळते.

जोडणीची कृती

१) आधी वेगळा संगणक घ्या. ज्या संगणकावर टॅली, बिले व बँकेचा व्यवहार आहे, त्यावर लॅब जोडू नये. जुना पण ८ जीबी मेमरीचा लॅपटॉप पुरतो. त्यावर 'व्हर्च्युअलबॉक्स' हा विनामूल्य प्रोग्राम टाकावा. हा प्रोग्राम संगणकाच्या पोटात दुसरा आभासी संगणक तयार करतो. त्यासाठी डिस्कवर ५० जीबी जागा मोकळी ठेवावी.

२) आभासी संगणकात 'काली लिनक्स' घाला. सुरक्षा तपासणीची अवजारे त्यात आधीच भरलेली असतात. ही प्रणाली मार्च २०१३ मध्ये प्रथम आली व विनामूल्य आहे. व्हर्च्युअलबॉक्ससाठी तयार प्रत मिळते. ती तीन जीबीहून मोठी असल्याने मोबाइलच्या डेटावर उतरवण्यापूर्वी शिल्लक पाहावी. ती कालीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी, मित्राच्या पेनड्राइव्हवरून घेऊ नये. तयार प्रतीत वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड दोन्ही 'काली' असेच असतात. पहिले काम म्हणून हा पासवर्ड बदलावा.

३) लॅबच्या संकेतस्थळावर खाते उघडा. पासवर्ड बँकेचा किंवा ईमेलचा वापरू नका, वेगळा ठेवा.

४) जोडणीची फाइल उतरवा. खात्यात 'ॲक्सेस' किंवा 'व्हीपीएन' या नावाने पान असते. तेथे सर्व्हरची यादी दिसते. जवळचा सर्व्हर निवडावा, म्हणजे उत्तर लवकर येते. मग तुमच्या नावाची एक लहान फाइल मिळते. त्या फाइलमध्ये लॅबच्या दाराचा पत्ता, तुमचे प्रमाणपत्र आणि तुमची गुप्त किल्ली असते. म्हणजे ही फाइल हीच किल्ली आहे. ती व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवू नका. फाइल कालीमध्येच उतरवावी.

५) बोगदा उघडा. कालीमध्ये काळी पाटी, म्हणजे टर्मिनल उघडून आधी 'सुडो', मग 'ओपनव्हीपीएन' आणि मग फाइलचे नाव, असे तीन शब्द मधे जागा सोडून इंग्रजीत लिहावेत. 'सुडो' म्हणजे मालकाच्या अधिकाराने काम कर, अशी आज्ञा. पासवर्ड विचारला जाईल. लिहिताना अक्षरे दिसत नाहीत, त्याने घाबरू नये. पाटीवर भराभर ओळी येतील. शेवटी 'इनिशियलायझेशन सिक्वेन्स कम्प्लीटेड' ही इंग्रजी ओळ दिसली, की बोगदा उघडला. ही पाटी बंद करू नका, बंद केली की बोगदाही बंद होतो. पुढचे काम दुसऱ्या पाटीवर करा.

६) खात्री करा. दुसऱ्या पाटीवर 'आयपी' आणि 'ए' हे दोन शब्द लिहिले, की संगणकाच्या सर्व जोडण्यांची यादी येते. तीत 'टन झिरो' या नावाची नवी जोडणी दिसली पाहिजे. लॅबने तुम्हाला दिलेला आवारातील घरक्रमांक तिच्यासमोर असतो. बहुधा तो १० या आकड्याने सुरू होतो. असे क्रमांक फक्त खासगी आवारांसाठी राखून ठेवण्याचा नियम फेब्रुवारी १९९६ पासून जगभर आहे.

७) सरावाचा संगणक सुरू करा. संकेतस्थळावर धड्यातील बटण दाबले, की तुमच्यासाठी एक लक्ष्य-संगणक सुरू होतो व त्याचा क्रमांक मिळतो. तोच क्रमांक, तेवढाच क्रमांक तपासायचा. एक आकडा चुकला तरी आपण भलत्याच दारावर थाप मारू, हे विसरू नये. आज्ञा देण्यापूर्वी क्रमांक दोनदा वाचण्याची सवय लावून घ्यावी.

८) काम झाले की बोगदा बंद करा. पहिल्या पाटीवर कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबल्या, की जोडणी तुटते. दुकान वाढवताना शटर ओढतो, तसेच हे.

काय बिघडते?

पहिल्या दिवशीच जोडणी झाली असे क्वचित घडते. पुढील अडचणी नेहमी येतात.

'साठ सेकंदांत बोलणी पुरी झाली नाहीत' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली, तर तुमचा निरोप लॅबच्या दारापर्यंत पोहोचतच नाही. ओपनव्हीपीएनचे ठरलेले दार ११९४ क्रमांकाचे आहे. काही महाविद्यालयांचे व कार्यालयांचे वाय-फाय असे अनोळखी दार अडवते. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहावे. तरीही न जमल्यास, लॅबने ४४३ क्रमांकाच्या दाराची फाइल दिली असेल तर ती वापरावी. साध्या संकेतस्थळांची वाहतूक याच दाराने होत असल्याने ते सहसा अडवले जात नाही.

'प्रमाणपत्र अजून वैध नाही' असे आले, तर संगणकाची तारीख पाहा. जुन्या संगणकातील नाण्याएवढा सेल संपला, की बंद केल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. ज्या प्रमाणपत्राचा त्या तारखेला जन्मच झालेला नाही, ते संगणक कसे मानील? तारीख दुरुस्त करा आणि सेल बदलून घ्या. पुष्कळ मुले या एका कारणासाठी चार-चार दिवस वाया घालवतात.

जोडणी होते आणि मिनिटा-दोन मिनिटांनी तुटते, असे होत असेल तर तीच फाइल दुसऱ्या ठिकाणी चालू आहे का ते पाहा. एका किल्लीने दोन माणसे आत जाऊ लागली, की ती एकमेकांना बाहेर ढकलतात. दोन भाऊ शिकत असतील तर दोघांची खाती वेगळी हवीत.

जोडणी झाली, पण लक्ष्य-संगणक उत्तर देत नाही, असे झाले तर घाई करू नये. तो पूर्ण सुरू होण्यास काही मिनिटे लागतात. शिवाय विंडोजचे काही संगणक साध्या हाकेला उत्तरच देत नाहीत. हाकेला ओ आली नाही म्हणून घरात कोणी नाही, असे समजू नये.

वीज गेली किंवा राऊटर बंद पडला, तर बोगदा नव्याने उघडावा. लक्ष्य-संगणकाची वेळ मात्र मोजली जातच असते. ती संपली की तो पुसला जातो. म्हणून केलेली प्रत्येक पायरी वहीत लिहून ठेवावी. या धंद्यात पुढे पगार मिळतो तो बहुतांशी अशा नीट लिहिलेल्या टिपणांचाच.

दुकानाला धोका कोठे आहे?

आता दुहेरी रस्त्याकडे वळू. लॅबच्या आवारात तुमच्यासारखे अनेक शिकाऊ असतात. प्रत्येकाच्या हाती कुलूप फोडण्याची अवजारे असतात. चांगल्या लॅब एकाला दुसऱ्यापासून वेगळे ठेवतात, परंतु आपण त्यावर विसंबू नये. मुलाने दुकानाच्या संगणकावरूनच बोगदा उघडला, तर आपण आपल्या गल्ल्याचे मागचे दार अनोळखी आवारात उघडले, असे होते. त्या संगणकावर गिऱ्हाइकांची उधारी असते, त्यांचे फोन क्रमांक असतात, बँकेची माहिती असते. ही आपल्याकडील अमानत आहे. ती गेली तर पैशापेक्षा विश्वास जातो, आणि बाजारपेठेत विश्वास पुन्हा विकत मिळत नाही.

म्हणून तीन नियम पाळावेत. सराव आभासी संगणकातच करावा व मूळ संगणकाशी फाइलींची सामाईक पेटी ठेवू नये. शक्यतो दुकानाच्या वाय-फायवर न जोडता मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडावे. आणि मुलाने वापरायचा लॅपटॉप दुकानाच्या बँक व्यवहारासाठी कधीही वापरू नये.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. लॅबचा व्हीपीएन जोडला म्हणजे आपण इंटरनेटवर अदृश्य झालो, असे काही मुले समजतात. तसे नाही. लॅबच्या बोगद्यातून फक्त लॅबची वाहतूक जाते. बाकीचे सारे नेहमीच्याच रस्त्याने, तुमच्याच क्रमांकाने जाते.

कायदा काय सांगतो?

भारतात व्हीपीएन वापरणे हा गुन्हा नाही. त्याआडून गुन्हा करणे हा गुन्हा आहे. 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार व्हीपीएन सेवा विकणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षे जपून ठेवायची आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ व ६६ नुसार, मालकाच्या परवानगीविना अप्रामाणिक हेतूने कोणाच्या संगणकात शिरल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शेजाऱ्याचे वाय-फाय, शाळेचे निकालाचे पान, नगरपालिकेचे संकेतस्थळ, यांपैकी कशावरही 'नुसते बघू' म्हणून अवजार चालवू नये. हेतू चांगला होता हे नंतर पोलीस ठाण्यात पटवत बसण्यापेक्षा आधी लेखी परवानगी घेणे सोपे असते. लॅबमध्ये ती परवानगी लॅबच्या मालकाने दिलेली असते, आणि ती लॅबच्या आवारापुरतीच असते. एकदा पोलिसांच्या नोंदीत नाव गेले, तर सुरक्षेच्या क्षेत्रात कोणी कामावर घेत नाही. मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगावे.

व्यापाऱ्याला याचा काय उपयोग?

मुलगा शिकत असताना बापाचाही फायदा होऊ शकतो. विटा-खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक देशभर पसरलेले आहेत. सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याला मार्केट यार्डातील हिशेब घरून पाहायचा असतो. यासाठी अनेकजण दुकानाचा संगणक दुरून चालवण्याची सोय उघड्या इंटरनेटवर ठेवतात. विंडोजमध्ये हे दार ३३८९ क्रमांकाचे असते. चोरांची यंत्रे असे उघडे दार रात्रंदिवस शोधत असतात. ते सापडले व पासवर्ड सोपा निघाला, की सगळे हिशेब कुलूपबंद करून खंडणी मागितली जाते. हे दार बाहेरून बंद करून त्याच्यापुढे स्वतःचा व्हीपीएन बसवला, तर आधी बोगद्याची किल्ली लागते, मग दाराची. व्हीपीएनची सोय असलेला राऊटर बाजारात मिळतो आणि बसवण्याचे काम शिकलेला मुलगा करू शकतो.

पण किल्लीचा हिशेब ठेवला पाहिजे. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील 'कोलोनियल पाइपलाइन' या इंधनवाहिनी कंपनीत चोर शिरले ते व्हीपीएनच्याच एका जुन्या खात्याने. ते खाते वापरात नव्हते, पण बंदही केलेले नव्हते. त्याचा पासवर्ड बाहेर फुटलेला होता आणि पासवर्डनंतर मोबाइलवरील दुसरी खूण विचारली जात नव्हती. कंपनीला वाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली आणि सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी दिली गेली. आपल्याकडे मुनीम नोकरी सोडून गेला, तर आपण गल्ल्याची किल्ली परत घेतो. त्याचे व्हीपीएनचे खाते मात्र तसेच राहते. ते त्याच दिवशी बंद करावे.

हिशेबाची एक प्रत संगणकापासून तोडून दुसऱ्या जागी ठेवावी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा वह्या कोठे ठेवाव्यात हा धडा आपण शिकलोच आहोत. खंडणीखोरालाही हाच उपाय लागू पडतो. आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर, तितका पैसा पुढे सरकतो.

पुढची वाट

सहा-आठ महिने रोज दोन तास सराव केला, तर मुलाला आपला कल कळतो. पुढे परीक्षा आहेत. त्यांतील 'ओएससीपी' ही परीक्षा या धंद्यात मानाची समजली जाते. ती २३ तास ४५ मिनिटांची असते, आणि परीक्षेच्या आवारात जायचे ते व्हीपीएननेच. त्यानंतरच्या २४ तासांत लेखी अहवाल द्यावा लागतो. फी मोठी आहे, म्हणून विनामूल्य लॅबमध्ये हात बसल्याशिवाय कोणत्याही वर्गाला किंवा परीक्षेला कर्ज काढून पैसे भरू नयेत. 'तीन महिन्यांत हॅकर, नोकरीची हमी' असे फलक पाहून भुलू नये. परदेशातील संगणकाच्या नोकरीचे आमिष दाखवून तरुणांना म्यानमारमध्ये नेले जाते व तेथे त्यांना फसवणुकीच्या कामाला जुंपले जाते, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला होता. हाती आलेले पत्र तपासल्याशिवाय पारपत्र कोणाच्या हवाली करू नये.

आपल्याच जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 'कमवा व शिका' हा मार्ग गरिबांच्या मुलांना दाखवला. दिवसा दुकानात वडिलांना हात आणि रात्री दोन तास लॅब, हा त्याच मार्गाचा आजचा प्रकार म्हणता येईल.

आता त्या मिरजेच्या कारागिराकडे परत जाऊ. मुलाच्या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर द्यावे? आमच्या मते असे : "शीक, पण दुकानाच्या कॉम्प्युटरवर नको. जुना लॅपटॉप घेऊन देतो. दार कोणाचं आहे आणि परवानगी कोणाची आहे, हे आधी मला सांगायचं. आणि एवढं शिकलास, की आधी आपल्याच दुकानाचं कुलूप तपासून दे."

ज्या घरात बाप असे विचारतो आणि मुलगा त्याला न लपवता सांगतो, त्या घरातला हुन्नर वाकड्या वाटेला जाण्याची भीती फार कमी असते.

या आठवड्यात निदान एक काम करा. आपल्या दुकानाचा संगणक दुरून कोण कोण उघडू शकतो, याची यादी कागदावर लिहा. नोकरी सोडून गेलेल्यांची नावे त्यातून काढून टाका. धड्याची सुरुवात तेथूनच होते.